ई-द्रव

ई-द्रव : इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये (ई-सिगारेटमध्ये) तापवून ज्याचे वायुकलिल, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचा समूह, तयार करतात व जे श्वासावाटे फुप्फुसांत ओढले जाते, ते द्रव मिश्रण. प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन हे दोन विद्रावक, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन हे त्याचे घटक होत. बोलण्यात या वायुकलिलास ‘वाफ’ म्हणत असले, तरी पाण्याच्या वाफेशी त्याचे फारसे साम्य नाही. ई-द्रवात तंबाखूचे पान नसते व त्याचे ज्वलनही होत नाही. त्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचा त्यात जवळजवळ अभाव असतो.

ज्या देशांत ई-द्रवाचा व्यापार कायदेशीर आहे तेथे तयार मिश्रणाच्या बाटल्या दुकानांतून मिळतात. तथापि तेथील अनेक वापरणारे घटकद्रव्ये सुटी आणून घरी मिसळतात आणि मिश्रण काही दिवस किंवा आठवडे मुरत ठेवतात. खर्चातील मोठी बचत, मनाजोगा स्वाद आणि निकोटिनाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरविण्याची सोय ही यामागील प्रमुख कारणे होत. या कामाची साधने व भाषा स्वयंपाकघरातील असली, तरी त्याचे स्वरूप औषधनिर्मितीचे आहे. एका प्रबळ विषाची मात्रा ठरविणे आणि फुप्फुसांत कोणती रसायने जाऊ द्यावयाची याची निवड करणे, या दोन्ही गोष्टी येथे अप्रशिक्षित माणसाच्या हाती येतात.

इतिहास : ज्वलनाशिवाय ओढता येईल अशा सिगारेटची कल्पना जुनी आहे. हर्बर्ट ए. गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थांनी तंबाखूविरहित, निर्धूम सिगारेटच्या एकस्वासाठी १९६३ मध्ये अर्ज केला व १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले. तापविलेली, ओलसर व सुगंधित हवा ओढण्याची योजना त्यात होती. तिचे व्यापारी उत्पादन मात्र झाले नाही. आज प्रचारात असलेले उपकरण होन लिक या चिनी औषधनिर्मात्याच्या २००३ मधील शोधापासून विकसित झाले. होन लिक स्वतः धूम्रपान करीत व त्यांचे वडीलही अतिधूम्रपानी होते. प्रोपिलीन ग्लायकॉलात निकोटीन विरघळवून त्याचे श्राव्यातीत कंपनांनी तुषारीभवन करावे, अशी त्यांची मूळ योजना होती. पुढे कंपनांची जागा विजेने तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने घेतली. चीनमध्ये २००४ मध्ये विक्रीस आलेले हे उपकरण त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत यूरोप व अमेरिका येथे पोहोचले.

सुरुवातीच्या उपकरणांत द्रव भरलेली बंद नळी येत असे व ती संपली की टाकून द्यावी लागे. पुन्हा भरता येण्याजोग्या टाक्या आल्यावर द्रव हा स्वतंत्र माल बनला आणि स्वादांची संख्या झपाट्याने वाढली. जानेवारी २०१४ मध्ये करण्यात आलेल्या एका गणनेत ४६६ व्यापारी नावांखाली ७,७६४ वेगवेगळे स्वाद आढळले. घरगुती मिश्रणाची हौस याच काळात फोफावली.

विद्रावक : प्रोपिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, जवळजवळ गंधहीन व पातळ द्रव असून त्याचा उकळबिंदू सु. १८८° से. आहे. स्वादद्रव्ये त्यात चांगली विरघळतात आणि ओढताना घशाला किंचित चरचर जाणवते. सिगारेट सोडलेल्यांना ही चरचर ओळखीची वाटत असल्याने ती पुष्कळदा हवीशी असते. ग्लिसरीन गोडसर व दाट असते. त्याचा उकळबिंदू सु. २९०° से. असून सामान्य तापमानास त्याची श्यानता प्रोपिलीन ग्लायकॉलाच्या वीस पटींहून अधिक भरते. दाट पांढरे ढग निर्माण होतात ते मुख्यतः ग्लिसरिनामुळे. दोहोंचे परस्परप्रमाण उपकरणावर अवलंबून असते : लहान छिद्रांच्या व कमी शक्तीच्या उपकरणांना पातळ मिश्रण लागते, तर मोठ्या शक्तीच्या उपकरणांत ७० टक्के वा त्याहून अधिक ग्लिसरीन वापरतात. ग्लिसरीन फार झाल्यास कापसाच्या वातीतून द्रव पुरेशा वेगाने चढत नाही. मग कोरडी पडलेली वात करपते आणि ग्लिसरिनाचे अपघटन होऊन ॲक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात.

ही दोन्ही द्रव्ये औषधकोशीय दर्जाचीच असावी लागतात. औद्योगिक दर्जाच्या मालात डायएथिलीन ग्लायकॉल हे स्वस्त व मूत्रपिंडास मारक असे द्रव्य मिसळलेले असण्याचा धोका असतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये अशा दूषित ग्लिसरिनामुळे १४ रुग्ण दगावले व त्या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये ई-सिगारेटच्या १८ नळ्या तपासल्या, तेव्हा त्यांपैकी एकीत सु. १ टक्का डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. ग्लिसरीन, डायएथिलीन ग्लायकॉल व त्यांचे मिश्रण हे तिन्ही रंगहीन व गोडसर असल्याने पाहून किंवा चाखून त्यांतील भेद कळत नाही.

निकोटीन : तंबाखूतील हे अल्कलॉइड १८२८ मध्ये पोसेल्ट व राइमान यांनी हायडल्‌बर्ग येथे शुद्ध रूपात वेगळे केले. ते रंगहीन, तेलकट द्रव असून हवा व प्रकाश यांमुळे पिवळे व नंतर तपकिरी होते. ते कातडीतूनही शरीरात शिरते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, वांत्या व चक्कर यांचा त्रास होतो तो यामुळेच. पिकावरील माव्यावर तंबाखूचा काढा फवारण्याची शेतकऱ्यांची जुनी रीत निकोटिनाच्या याच विषारीपणावर आधारलेली आहे.

घरी मिश्रण करणारे शुद्ध निकोटीन सहसा हाताळीत नाहीत. विद्रावकात विरघळविलेले, दर मिलिलिटरला काही मिग्रॅ. अशा मापाचे संहत विद्राव ते विकत घेतात. दर मिलिलिटरला १०० मिग्रॅ. या संहतीचा विद्राव हौशी वर्तुळांत सर्रास वापरला जातो. त्याच्या १०० मिलि.च्या एका बाटलीत १० ग्रॅ. निकोटीन असते. प्रौढ माणसास मारक ठरणारी निकोटिनाची मात्रा ६० मिग्रॅ. असल्याचे जुन्या ग्रंथांत नमूद आहे. ग्रात्स येथील बेर्न्ट मायर यांनी २०१४ मध्ये या आकड्याचा उगम तपासून प्रत्यक्ष मात्रा अर्धा ग्रॅम ते एक ग्रॅम असावी, असे प्रतिपादन केले. हा मोठा आकडा धरला, तरीही त्या एका बाटलीतील निकोटीन दहा प्रौढांना पुरून उरणारे ठरते. लहान मुलाला तर काही मिलिलिटरही प्राणघातक होऊ शकतात. अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस एक वर्षाच्या बालकाचा असा द्रव पोटात गेल्याने मृत्यू झाला. त्यानंतर मुलांना न उघडता येणाऱ्या झाकणांची सक्ती करणारा कायदा तेथे संमत होऊन जानेवारी २०१६ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. फळांचा वास येणारी रंगीत बाटली फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांशेजारी ठेवणे, ही या हौसेतील सर्वांत घातक सवय म्हणावी लागेल.

मुक्त क्षारक रूपातील निकोटीन जास्त प्रमाणात घशाला झोंबते, त्यामुळे ओढणाऱ्याला आपोआप आवर बसतो. बेंझॉइक अम्लासारख्या अम्लाशी त्याचे लवण केले म्हणजे हा झोंबरेपणा पुष्कळ कमी होतो. ‘जूल’ या अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या उपकरणातील द्रवात वजनी ५ टक्के निकोटीन या लवणरूपात होते आणि शाळकरी मुलांत ते वेगाने पसरले. घरगुती मिश्रणातही आता निकोटीन-लवणे वापरतात. घशाचा आवर येथे सुटलेला असल्याने मापातील चूक ओढताना लगेच ध्यानात येत नाही.

स्वादद्रव्ये : खाद्यउद्योगासाठी तयार होणारे संहत स्वादार्कच ई-द्रवात वापरण्यात येतात. त्यांतील रसायने मिठाई व आइसक्रीम यांच्या कारखान्यांना परिचित अशीच असतात : केळ्याचा वास देणारे आयसोॲमिल ॲसिटेट, अननसाचे एथिल ब्युटिरेट, लिंबूवर्गीय फळांचे लिमोनीन, कडू बदाम व चेरी यांचे बेंझाल्डिहाइड, दालचिनीचे सिनॅमाल्डिहाइड, व्हॅनिलीन व एथिल व्हॅनिलीन, भाजलेल्या साखरेचा गोडवा आणणारे एथिल माल्टॉल, लोण्याचा वास देणारे डायॲसिटिल आणि शीतलतेची जाणीव उत्पन्न करणारे मेंथॉल. नैसर्गिक मेंथॉलाचा जगातील फार मोठा वाटा उत्तर प्रदेशातील जपानी पुदिन्याच्या शेतीतून येतो. ई-द्रवाशी भारतीय शेताचा जोडला गेलेला हा एक धागा आहे.

स्वादार्क पुरे किती याचे प्रमाण त्याच्या जातीवर अवलंबून असते. एकूण स्वादार्क बहुधा मिश्रणाच्या १० ते २० टक्के असतात. तथापि मेंथॉल, दालचिनी किंवा बडीशेप यांसारखा तीव्र अर्क एक टक्क्यातही इतरांना झाकून टाकतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे वास मंद वाटला की अर्क वाढवीत जाणे. एथिल माल्टॉलाच्या बाबतीत याचा परिणाम उलटा होतो : अधिक प्रमाणात ते बाकीचे सर्व स्वाद बोथट करते. शिवाय तोच वास सतत घेतल्याने नाकाची संवेदना थकते आणि दोष मिश्रणात नसून नाकात आहे हे उमजत नाही. लिंबूवर्गीय व दालचिनीचे अर्क काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांना तडे पाडतात. गोडव्यासाठी घातलेले सुक्रालोज तापलेल्या तारेवर काळा थर जमविते आणि त्याच्या अपघटनातून क्लोरीनयुक्त अनिष्ट संयुगे निर्माण होत असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. साखर, मध, फळांचा रस यांना ई-द्रवात मुळीच स्थान नाही.

मिश्रणाची रीत : मापन आकारमानाने किंवा वजनाने करता येते. सुई काढलेल्या पिचकाऱ्यांनी मिलि. मोजण्याची पहिली पद्धत सोपी वाटते. परंतु दाट ग्लिसरीन पिचकारीच्या आतल्या बाजूस चिकटून राहते, बुडबुडे अडकतात आणि प्रत्येक अर्कासाठी वेगळी पिचकारी लागते. त्यामुळे अनुभवी लोक ०·०१ ग्रॅ.पर्यंत अचूक असा लहान वजनकाटा वापरतात व काट्यावर ठेवलेल्या बाटलीतच एकामागून एक घटक ओततात. ग्लिसरिनाची घनता १·२६ व प्रोपिलीन ग्लायकॉलाची १·०४ धरून मिलि.चे ग्रॅममध्ये रूपांतर करतात.

उदाहरणार्थ, ३० मिलि. मिश्रण, त्यात दर मिलिलिटरला ३ मिग्रॅ. निकोटीन, १२ टक्के स्वादार्क आणि विद्रावकांत ७० टक्के ग्लिसरीन हवे असेल, तर एकूण निकोटीन ९० मिग्रॅ. लागेल. १०० मिग्रॅ. संहतीच्या विद्रावाचे ०·९ मिलि. त्यासाठी पुरतात. स्वादार्क ३·६ मिलि. व ग्लिसरीन २१ मिलि. (सु. २६·५ ग्रॅ.) घेतल्यावर उरलेले ४·५ मिलि. प्रोपिलीन ग्लायकॉल होय. निकोटिनाचा विद्राव व स्वादार्क हे दोन्ही प्रोपिलीन ग्लायकॉलातच असतात, असे येथे गृहीत धरले आहे. दशांश चिन्ह एक घर सरकून ०·९ ऐवजी ९ मिलि. विद्राव पडल्यास मिश्रणातील एकूण निकोटीन अपेक्षेच्या दहापट होते. मिश्रणाची तीव्रता मग यूरोपीय संघाच्या कायदेशीर मर्यादेच्याही पलीकडे जाते. कारखान्यात अशी चूक दुसऱ्या माणसाच्या तपासणीत सापडते. घरी तो दुसरा माणूस नसतो. हातमोजे घालणे, सांडलेला थेंब ताबडतोब पाण्याने धुणे, मुले व पाळीव प्राणी नसलेल्या खोलीत काम करणे आणि प्रत्येक बाटलीवर घटक, तीव्रता व दिनांक लिहिणे हे नियम जाणकार कटाक्षाने पाळतात.

मुरवण : ताजे मिश्रण पुष्कळदा उग्र, औषधी किंवा विस्कळीत वाटते. काही काळ ठेवल्यावर ते एकजीव होते, असा सार्वत्रिक अनुभव सांगण्यात येतो. इंग्रजीत या क्रियेला चहाच्या पानावरून ‘स्टीपिंग’ म्हणतात. परंतु पान पाण्यात भिजवून त्याचा अर्क उतरविण्याची क्रिया येथे नाही. लोणचे किंवा मुरंबा मुरण्याशी तिचे साम्य अधिक असल्याने मराठीत ‘मुरवण’ हा शब्द जास्त योग्य ठरतो. फळांचे स्वाद लगेच किंवा दोन-तीन दिवसांत वापरण्याजोगे होतात. साय, कस्टर्ड, भाजलेले पदार्थ व तंबाखू यांचे स्वाद दोन ते चार आठवडे मुरवावेत, असा संकेत आहे. बाटली झाकण लावून अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवतात व अधूनमधून हलवितात.

मुरताना नेमके काय घडते, याविषयी हौशी लोकांत अनेक समजुती आहेत. त्यांतील काही खऱ्या आहेत. पहिला बदल केवळ भौतिक असतो. दाट ग्लिसरिनात स्वादद्रव्यांचे विसरण मंद गतीने होते व नीट न ढवळलेल्या बाटलीत खालीवर वेगळी चव लागते. हे काम चुंबकीय ढवळणीने काही मिनिटांत उरकते, त्याला आठवडे लागत नाहीत. दुसरा बदल बाष्पनशील घटकांचा. अर्कात मद्यार्क असल्यास त्याची उग्रता झाकण उघडे ठेवल्याने कमी होते. मात्र त्याबरोबर फळांची हलकी एस्टरेही उडून जातात. म्हणून बाटली ‘श्वास घेण्यासाठी’ दिवसचे दिवस उघडी ठेवण्याची पद्धत मिश्रणाच्या मुळावरच येते.

तिसरा बदल रासायनिक असून तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हॅनिलीन, बेंझाल्डिहाइड, सिनॅमाल्डिहाइड, सिट्राल ही सर्व आल्डिहाइडे आहेत. प्रोपिलीन ग्लायकॉलाच्या रेणूत शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. आल्डिहाइडाची त्यांच्याशी विक्रिया होऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि वलयाकृती ॲसिटाल तयार होते. येल व ड्यूक या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही आल्डिहाइडांचा ४० टक्के वा त्याहून अधिक भाग अशा रीतीने बदललेला आढळला. तापवल्यावर या ॲसिटालांपैकी ५० ते ८० टक्के वायुकलिलात उतरली आणि शरीरातील द्रवासारख्या जलीय विद्रावात ती ३६ तासांहून अधिक अर्धायुष्यासह टिकली. श्वसनमार्गातील दाह जाणणाऱ्या दोन ग्राहींना ती उत्तेजित करतात, असेही दिसून आले. यांपैकी एक ग्राही मिरचीतील कॅप्सायसिनाने उद्दीपित होणारा आहे. ज्या आल्डिहाइडापासून ॲसिटाल बनले ते स्वतः या दुसऱ्या ग्राहीस चेतवीत नव्हते, हे विशेष होय.

या निष्कर्षाचा अर्थ असा की, ई-द्रव हे निष्क्रिय मिश्रण नाही. बाटलीवर लिहिलेली घटकांची यादी खरी असली, तरी महिन्याभराने बाटलीत असलेला पदार्थ त्या यादीपेक्षा वेगळा असतो. मुरवणीने चव सौम्य होते, या अनुभवाचा काही अंशी खुलासा तीव्र वासाच्या आल्डिहाइडांचे प्रमाण घटण्यातून होऊ शकतो. परंतु जिभेला सौम्य लागणारे मिश्रण श्वासनलिकेलाही सौम्य असते, असे त्यावरून म्हणता येत नाही. ही विक्रिया केवळ घरगुती द्रवांतच होते असेही नाही. त्याच अभ्यासात दुकानातील तयार द्रवांतही ही ॲसिटाले सापडली.

चौथा बदल निकोटिनाचा. हवेतील ऑक्सिजनाने त्याचे हळूहळू ऑक्सिडीभवन होते व द्रव पिवळसर, मग तपकिरी होतो. व्हॅनिलीन असलेल्या मिश्रणात हा रंग लवकर चढतो. रंग गडद झाला म्हणजे मिश्रण मुरले, हा समज यातून रूढ झाला असला तरी तो चुकीचा आहे. रंगाचा संबंध परिपक्वतेपेक्षा निकोटिनाच्या ऱ्हासाशी अधिक आहे. मुरवण लवकर व्हावी म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवणे, उन्हात ठेवणे किंवा दागिने धुण्याच्या श्राव्यातीत यंत्रात घालणे असे उपाय योजण्यात येतात. उष्णतेने ॲसिटाले बनण्याचा वेग वाढतो, तसाच निकोटिनाच्या ऱ्हासाचाही वाढतो. सूर्यप्रकाश तर सर्वथा टाळावा लागतो. म्हणून काही जण निकोटीन वगळून बाकीचे मिश्रण मुरवतात व वापरण्यापूर्वी ते मिसळतात. या क्रमाला तर्कशुद्ध आधार आहे.

खाद्य व श्वास्य यांतील भेद : स्वादार्काच्या बाटलीवर ‘खाण्यास सुरक्षित’ असे लिहिलेले असते, यावर घरी मिश्रण करणाऱ्याची सारी भिस्त असते. अमेरिकेतील स्वादद्रव्य उत्पादकांच्या संघटनेने स्वतःच स्पष्ट केले आहे की, तिचे सुरक्षितताविषयक निर्णय अन्नातून पोटात जाणाऱ्या द्रव्यांपुरते आहेत. श्वासावाटे ओढण्यास ते लागू नाहीत. खाल्लेला पदार्थ जठरातील अम्ल, आतडी व यकृत यांच्या चाळणीतून जातो. फुप्फुसातील वायुकोशांची भित्ती मात्र अत्यंत पातळ असून तिच्यापलीकडे लगेच रक्त असते.

या भेदाचे उत्तम उदाहरण डायॲसिटिल हे होय. लोण्यात ते निसर्गतःच असते. अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या जॅस्पर येथे मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना सूक्ष्मश्वासनलिका कायमच्या बुजत जाण्याचा विकार झाल्याचे २००० मध्ये उघडकीस आले. लोण्याचा कृत्रिम स्वाद तापवून मिसळताना निघणारी वाफ त्यांच्या श्वासात गेली होती. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये स्वादयुक्त ई-सिगारेटी व द्रव यांचे ५१ नमुने तपासले. त्यांपैकी ३९ मध्ये डायॲसिटिल सापडले. येथे एक गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल : सिगारेटच्या धुरात डायॲसिटिलाचे प्रमाण ई-द्रवापेक्षा पुष्कळच अधिक असते. परंतु जे टाळता येण्याजोगे आहे ते टाळणे हाच यातील शहाणपणा आहे. अनेक अर्क-उत्पादकांनी डायॲसिटिल काढून टाकले. मात्र काहींनी त्याऐवजी घातलेले ॲसिटिल प्रोपिऑनिल हे रचनेने त्याचे सख्खे भावंड असून तेही निर्धोक मानता येत नाही.

तेलयुक्त स्वादार्क हा दुसरा धोका. केक व मिठाईसाठी मिळणारे कित्येक अर्क खाद्य तेलात बनविलेले असतात. ई-द्रवात ते विरघळत नाहीत आणि त्यांचे थेंब फुप्फुसात गेल्यास मेदजन्य फुप्फुसशोथ होऊ शकतो. संत्र्यासारख्या फळांची बाजारातील सुगंधी तेले पाण्यावर तरंगताना दिसली की ती ‘शुद्ध’ असल्याची खूण मानतात. या कामी तीच त्यांच्या अयोग्यतेची खूण आहे.

अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात तरुण माणसे तीव्र श्वसनविकाराने रुग्णालयांत दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. तपासणी केलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसांतील द्रवात ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट सापडले. गांजातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या मादक द्रव्याचे तेल बेकायदा नळ्यांत भरणाऱ्यांनी ते दाट व भरपूर दिसावे म्हणून त्यात हे ॲसिटेट मिसळले होते. गोळ्यांतून पोटात घेतले जाणारे आणि मलमातून कातडीला लावले जाणारे हे द्रव्य आहे. नेहमीच्या निकोटीनयुक्त ई-द्रवात ते नसते व बहुसंख्य रुग्णांचा संबंध गांजाच्या तेलाशी होता. या घटनेवरून सर्व ई-द्रवांविषयी अनुमान काढणे जसे चूक, तसे ती केवळ परक्यांची गोष्ट समजणेही चूक होय. आणीत असलेल्या घटकाचे फुप्फुसात काय होते हे न तपासता तो मिसळणे, हेच दोन्ही ठिकाणचे सूत्र आहे.

निर्बंध : यूरोपीय संघाच्या २०१४ च्या आदेशानुसार, मे २०१६ पासून निकोटिनाची कमाल तीव्रता दर मिलिलिटरला २० मिग्रॅ., बाटली कमाल १० मिलि.ची व टाकी २ मिलि.ची असे बंधन आले. निकोटीनयुक्त द्रवात जीवनसत्त्वे, कॅफीन व टॉरीन घालण्यास मनाई झाली. ब्रिटनमध्ये या १० मिलि.च्या बंधनातून एक अर्धघरगुती प्रकार निघाला : ६० मिलि.च्या बाटलीत ५० मिलि. निकोटीनविरहित द्रव भरून विकतात व ग्राहक त्यात १८ मिग्रॅ. तीव्रतेची १० मिलि.ची कुपी ओतून दर मिलिलिटरला ३ मिग्रॅ. तीव्रतेचे मिश्रण करतो. फिनलंड, डेन्मार्क व नेदर्लंड्स यांनी तंबाखूखेरीज बहुतेक स्वादांवर बंदी घातली आहे. नेदर्लंड्समध्ये अशा स्वादांची विक्री जानेवारी २०२४ पासून बंद झाली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून ई-सिगारेटची विक्री औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित करण्यात आली. तंबाखूवर लावतात तशी बंधने ई-सिगारेटींवर लावावीत व सर्व स्वादांवर बंदी घालण्याचा विचार व्हावा, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये केले. स्वादांवरील बंदीने मुलांचे आकर्षण कमी होते, हा तिचा हेतू उघड आहे. मात्र खाद्य स्वादार्क कोणत्याही किराणा दुकानात मिळत असल्याने अशा बंदीनंतर प्रौढ ग्राहक तपासणी झालेल्या मालाकडून घरगुती मिश्रणाकडे वळण्याचा संभवही नाकारता येत नाही.

धूम्रपान सोडण्यास ई-सिगारेटची मदत होते की नाही, हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. निकोटीनयुक्त ई-सिगारेटी या कामी निकोटिनाच्या गोळ्या व पट्ट्या यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनांत काढण्यात आला असून ब्रिटनमधील वैद्यकीय मत सामान्यतः त्यास अनुकूल आहे. इतर अनेक देशांनी तरुण पिढीतील नव्या व्यसनाच्या भीतीस अधिक महत्त्व दिले.

भारताने दुसरा मार्ग पत्करला. केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. निकोटीन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी त्याचे वायुकलिल करणारे प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण या व्याख्येत येते. ई-हुक्क्याचाही त्यात नावानिशी समावेश आहे. पूर्ण उपकरणाप्रमाणेच त्याच्या कोणत्याही भागाचे उत्पादन व विक्री हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठरविण्यात आले आहेत. वापर करणे हा मात्र या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविलेला नाही. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल व खाद्य स्वादार्क ही द्रव्ये औषध व अन्न यांच्या व्यवसायात पूर्वीप्रमाणेच कायदेशीर रीत्या वापरात आहेत.